पान रिफ्रेश व्हायचं थांबलं तेव्हापासून

कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावलेला मॉनिटरिंग डॅशबोर्ड चार-पाच दिवसांत जड होतो, आलेख अडखळायला लागतात आणि एखाद्या रात्री टॅबच कोसळतो. सर्व्हर ठणठणीत असतो, नेटवर्कही. फुगलेली असते ती ब्राउझरची मेमरी. याचं खापर सर्रास आजच्या फ्रेमवर्कांवर (वेबपानं बांधायच्या तयार सांगाड्यांवर) फोडलं जातं. गोष्ट मात्र त्याहून बरीच जुनी आहे.

टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये एमआरटीजी हे नेटवर्कवर नजर ठेवणारं साधन प्रसिद्ध केलं. राउटरवरची वाहतूक मोजून आलेखाचं चित्र सर्व्हरच तयार करायचा, ब्राउझर ते फक्त दाखवायचा आणि पान दर ३०० सेकंदांनी आपोआप रिफ्रेश व्हायचं. पुढे नॅगिऑस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचं स्टेटस पान ९० सेकंदांनी ताजं होऊ लागलं. नवं पान आलं की आधीच्या पानाचा पसारा ब्राउझर टाकून देत असे. ही साफसफाई कुणी मुद्दाम योजलेली नव्हती. रिफ्रेशबरोबर ती आयती मिळत होती. त्यामुळे ती गेली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जाण्याची सुरुवात अजॅक्सपासून झाली. २००४ मध्ये जीमेल आलं आणि पान न बदलता आतला मजकूर बदलण्याची पद्धत रुळली. इंटरनेट एक्सप्लोरर ६ यासाठी मुळीच तयार नव्हता. त्यात जावास्क्रिप्टच्या वस्तूंचा हिशेब एक यंत्रणा ठेवायची आणि पानावरच्या घटकांचा दुसरी. बटणाला हँडलर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारा कोड, जोडला आणि त्या हँडलरने पुन्हा बटणालाच धरून ठेवलं, की दोघं एकमेकांत अडकायचे आणि ती मेमरी पान सोडल्यावरही सुटायची नाही, थेट ब्राउझर बंद करावा लागायचा. जावास्क्रिप्टचे जाणकार डग्लस क्रॉकफर्ड यांनी घटक काढण्याआधी त्याचे हँडलर पुसणारं छोटं फंक्शन दिलं होतं. कित्येकांनी त्यावर दिवस काढले. फायरफॉक्स ३ मध्ये, २००८ साली, अशी वर्तुळं शोधून मोडणारा सायकल कलेक्टर आला, आणि २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने आपल्याकडची ही गळती बरीचशी थांबवली.

ब्राउझरची चूक अशी दुरुस्त झाली. आपली, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची, मात्र शिल्लक राहिली. नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरचा नियम लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या काळापासून, म्हणजे १९६० च्या सुमारापासून, तोच आहे: प्रोग्रॅमला जिथपर्यंत पोहोचता येतं ते सगळं जिवंत. त्याची गरज उरली आहे की नाही, हे कलेक्टरला कळायला मार्ग नाही.

२०१४ मध्ये ग्राफाना हे डॅशबोर्ड बनवायचं साधन आलं तोवर आलेख काढण्याचं काम ब्राउझरकडे आलं होतं. समजा, डॅशबोर्डवर २० पॅनेल आहेत आणि प्रत्येक दर ५ सेकंदांनी नवा डेटा आणतं. दिवसाला ३,४५,६०० अपडेट होतात. प्रत्येक अपडेटमागे १ केबी जरी अडकून राहिला, तरी चोवीस तासांत सुमारे ३४० एमबी जमतात. कारण अगदी क्षुल्लक असतं: आलेख नव्याने बनवला पण जुना पुसणारं डिस्ट्रॉय फंक्शन बोलावलं नाही, विंडोचा आकार बदलण्यावर लक्ष ठेवणारा रिसाइझ लिसनर काढला नाही, किंवा आलेल्या नोंदी ज्या अ‍ॅरेत टाकल्या त्याला कमाल मर्यादाच घातली नाही. दहा मिनिटांच्या टेस्टिंगमध्ये यातलं काहीही दिसत नाही. मशीनमध्ये रॅम वाढवूनही फारसं साधत नाही, कारण २०२० पासून क्रोममध्ये पॉइंटर कॉम्प्रेशनमुळे (मेमरीतले पत्ते लहान करून साठवण्यामुळे) जावास्क्रिप्टच्या हीपला, म्हणजे तिच्या वस्तू राहतात त्या मेमरीला, ४ जीबीचं कुंपण आहे.

दिवसभर उघड्या राहणाऱ्या टॅबचा त्रास जीमेलच्या टीमनेही भोगला. २०१३ च्या गूगल आय/ओमध्ये त्यांनी तीन स्नॅपशॉटची पद्धत मांडली: हीपचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) घ्या, क्रिया करा, दुसरा घ्या, तीच क्रिया पुन्हा करा, तिसरा घ्या, आणि पहिल्या दोहोंमध्ये जन्मलेलं तिसऱ्यातही काय टिकून आहे ते पाहा. मेटाने २०२२ मध्ये खुल्या केलेल्या मेमलॅब या साधनाने असाच शोध आपोआप चालवण्याची सोय केली.

तरीही बहुतेक ठिकाणी पहाटे टॅब रीलोड करणारी स्क्रिप्टच लावलेली असते. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. नव्वदच्या दशकात जे आपसूक घडत होतं, तेच आता वेळ लावून केलं जातं. फक्त गळतीचा वेग वाढत गेला तर तो कळावा म्हणून रीलोडच्या आधी हीपचा आकडा लॉगमध्ये नोंदवून ठेवायला हवा.