पाऊलठसे, जीवाश्म

ओल्या चिखलात पाऊल रुतते, चिखल सुकतो, वर गाळाचे थर बसत जातात आणि कालांतराने सगळ्याचाच खडक होतो. त्या खडकात टिकलेला ठसा म्हणजे पाऊलठशाचा जीवाश्म. मेलेल्या प्राण्याची हाडे प्रवाहाबरोबर दूर वाहून जाऊ शकतात. ठसा मात्र जिवंत प्राणी चालला तिथेच उमटलेला असतो. पृष्ठवंशी प्राणी पाण्यातून जमिनीवर कधी आले, या प्रश्नात म्हणूनच ठशांची साक्ष फार मोलाची.

कॅनडाच्या एल्समेअर बेटावर २००४ मध्ये टिकटालिक हा मासा सापडला. काळ सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. परांच्या आत खांदा, कोपर, मनगट यांची जुळणी. पाय फुटण्याच्या अगदी आधीची ही पायरी, असे वाटत होते. मग २०१० मध्ये पोलंडमधल्या झाखेउम्ये येथील दगडखाणीतले ठसे प्रसिद्ध झाले. ते जवळपास ३९ कोटी वर्षांपूर्वीचे निघाले, सर्वांत मोठा २६ सेंमी. रुंद. म्हणजे टिकटालिकच्या कितीतरी आधी कोणीतरी पायांनी चालत होते.

माग कसा वाचतात हे मुंबईकराला ओहोटीच्या वेळी शिवडीच्या चिखलात पाहता येते. कोळीवाड्यात कालवणाला लागणारी निवटी ही चिखलातली मासळी तिथे बिळाबाहेर येते. छातीजवळचे दोन्ही पर ती एकदम पुढे रोवते आणि कुबड्यांवर चालणाऱ्या माणसासारखी अंग ओढून घेते. मागे राहतात जोडीजोडीच्या खुणा आणि मधोमध पोट घासल्याची चरी. झाखेउम्येच्या मागात डावे-उजवे पाऊल आळीपाळीने पडलेले आहे, आणि चरी नाही. प्राण्याने अंग उचललेले तरी होते, नाहीतर उथळ पाण्याने ते तोलून धरले होते. काही अभ्यासक या खुणांना माशांनी उकरलेले खळगे मानतात. पण मग पावलांची ही आळीपाळी कशी आली, हे नीट उलगडत नाही.

निवटी आपली पूर्वज नव्हे. चतुष्पाद, म्हणजे चार पायांचे पृष्ठवंशी आणि त्यांच्यातलेच आपण, मांसल परांच्या माशांपासून आले. फुप्फुसमासे हे त्यांचे आजचे सर्वांत जवळचे मत्स्यनातलग.

मुंबईचा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यामुळे इतके जुने ठसे इथे मिळणार नाहीत. मात्र वरळीला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ मध्ये इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणतात. पुसिलस म्हणजे इवलासा.