ॲसिडिटीच्या गोळीआधी काय काय घडलंय

मुंबईत कुठल्याही केमिस्टकडे थोडा वेळ उभं राहा, कोणीतरी ॲसिडिटीची गोळी मागायला येतंच. सकाळी उपाशीपोटी लोकल पकडायची, अकराला कटिंग, डबा उघडायला तीन वाजतात आणि रात्रीचं जेवण घरी पोचेपर्यंत साडेदहा, मग छातीत जळजळ होते आणि पोटातलं ॲसिड म्हणजे आपला वैरी असं डोक्यात पक्कं बसतं. मला हे अजिबात पटत नाही. हे ॲसिड जठरात आहे एवढं कळायलाच माणसाला शेकडो वर्षं लागली, ते काय काम करतं हे कळायला आणखी लागली, आणि अल्सरचं, म्हणजे जठराला किंवा आतड्याला आतून पडणाऱ्या जखमेचं, खरं कारण तर अगदी आत्ता आत्ता सापडलं. गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला ही पार्श्वभूमी माहीत असावी असं मनापासून वाटतं.

जुन्या काळी सगळीकडे कल्पना साधारण सारखीच होती. आपल्याकडे जठराग्नी, ग्रीकांकडेही पोटाच्या उष्णतेने अन्न शिजतं असंच मानायचे, नंतर युरोपात काही जण म्हणायला लागले की जठर अन्न दळतं. व्हेसॅलियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ मध्ये शरीररचनेचा मोठा सचित्र ग्रंथ काढला, अवयव कुठे आणि कसे आहेत ते नीट कळायला लागलं, म्हणजे साधारण २५ सेंटीमीटरची अन्ननलिका, मग जठर, मग जवळपास ६ मीटर लहान आतडं आणि दीड मीटर मोठं. पण मेलेल्या देहात जठर दिसतं, त्याचं काम दिसत नाही ना. सगळी अडचण तिथेच होती.

त्यातून वाट काढली रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १७५२ मध्ये. त्याच्याकडे पाळलेली घार होती. घार न पचलेलं ओकून टाकते, म्हणून त्याने धातूच्या छोट्या नळ्यांत मांस भरून तिला गिळायला दिलं. नळी बाहेर आली तेव्हा मांस बरंचसं विरघळलेलं होतं, आणि नळीमुळे ते दळलं जाणं तर शक्यच नव्हतं. मग त्याने नळीत स्पंज घालून मांस विरघळवणारा जठरातला रसच बाहेर काढला. पुढे इटलीच्या स्पालान्झानी या शास्त्रज्ञाने हेच प्रयोग स्वतःवर केले, कापडी पिशव्यांत अन्न शिवून गिळायचा, आणि जठरातून काढलेला रस शरीराबाहेरही मांस विरघळवतो हे त्याने दाखवलं. या रसात हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे हे लंडनच्या विल्यम प्राउट या डॉक्टरने १८२४ मध्ये छापलं, आणि एवढं जहाल ॲसिड जिवंत पोटात असेल यावर पुष्कळांचा विश्वासच बसेना.

आता सगळ्यात विलक्षण भाग. ६ जून १८२२, अमेरिकेतलं मॅकिनॅक बेट. फरच्या व्यापारात काम करणारा अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा तरुण मजूर, जवळून बंदुकीची गोळी लागली आणि जठरालाच भोक पडलं. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँटने त्याला वाचवलं पण ते भोक कधी बुजलंच नाही. मग १८२५ पासून ब्यूमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेलं मांस, पाव, कोबी आत सोडायचा आणि ठराविक वेळाने बाहेर ओढून बघायचा, किती विरघळलंय ते. जिवंत माणसाचं जठर काम करताना कोणी इतका काळ बघितलं नव्हतं. अन्न आत गेल्यावर रस कसा सुटतो ते त्याने लिहिलं, आणि माणूस चिडला की पचन बिघडतं हेही लिहिलं. दोनशेच्या वर प्रयोग, १८३३ मध्ये पुस्तक.

पण सेंट मार्टिन गरीब होता, त्याच डॉक्टरच्या घरी नोकर होता, पोटाच्या प्रयोगांसाठी त्याच्याकडून करारावर सही घेतली होती. मला हे वाचताना दर वेळी त्रास होतो. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी देह नेऊन चिरफाड करू नये म्हणून घरच्यांनी तो मुद्दाम कुजू दिला आणि मगच खूप खोल पुरला. आपलं पचनाचं ज्ञान या माणसाच्या अंगावरून आलंय, ब्यूमाँटच्या बरोबरीने त्याचंही नाव घ्यायला हवं.

पुढची पावलं भराभर पडली. १८३६ मध्ये थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने पेप्सिन शोधलं, म्हणजे प्रोटीन तोडणारं एन्झाइम, आणि ते ॲसिडशिवाय कामच करत नाही. फ्रान्सच्या क्लोद बेर्नारने स्वादुपिंडाचा, म्हणजे जठरामागच्या पॅन्क्रियासचा, रस चरबी पचवतो हे दाखवलं. रशियाच्या पावलोव्हने कुत्र्यांवर दाखवलं की अन्न जठरात पोचायच्या आधीच मेंदूकडून निरोप जातो आणि रस सुटतो, १९०४ चं नोबेल त्याला पचनाच्या याच कामासाठी मिळालं. दादरला उतरल्यावर गरम वड्याचा नुसता वास आला तरी आपल्या जठरात तयारी सुरू होते ती अशी. मग १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांना सिक्रेटिन हे हार्मोन सापडलं: जठरातलं ॲसिड लहान आतड्यात उतरलं की आतडं रक्तातून स्वादुपिंडाला निरोप धाडतं आणि तिथून ॲसिड मारणारा क्षारयुक्त रस येतो. म्हणजे तोच वडापाव पुढे कसा पचणार हेसुद्धा ॲसिडच ठरवतं, शिवाय खाण्यातले बरेच जंतूही तेच मारतं.

मुंबईत हे शिक्षण आलं ते भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, १८४५ मध्ये. ब्यूमाँटच्या पुस्तकाला तेव्हा जेमतेम १२ वर्षं झालेली. १८५१ मध्ये पास होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते, ज्यांचं नाव आज राणीच्या बागेतल्या म्युझियमला आहे.

तरी जिवंत पोटात डोकावायची सोय नव्हतीच. १८६८ मध्ये कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरने तलवार गिळणाऱ्या खेळियाच्या घशातून सरळ कडक नळी घालून बघितली, बाकी कोणाला ते झेपणारं नव्हतं. वळणारी नळी शक्य झाली ती काचेच्या तंतूंमुळे, आणि त्यात आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांचं मोठं काम आहे, हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाबरोबरचा त्यांचा पेपर १९५४ चा. तो वाचूनच हिर्शोविट्झ नावाचा डॉक्टर कामाला लागला आणि १९५७ मध्ये फायबरची एंडोस्कोपी आली, म्हणजे वळणारी नळी घशातून घालून जठर आतून बघणं.

एवढं सगळं होऊनसुद्धा अल्सर म्हटलं की टेन्शन आणि तिखट, हेच उत्तर. १९७६ मध्ये सिमेटिडिन आलं, ॲसिड कमी करणारं पहिलं जोरदार औषध, अल्सर भरायचा, गोळी थांबवली की बऱ्याच जणांना परत व्हायचा. मग ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या जठरात पिळदार जंतू दिसत होते, पण लॅबमध्ये वाढेनात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायला ठेवलेल्या प्लेट्स नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या आणि जंतू वाढले. ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही म्हणून लोक मानेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः ते जंतू प्यायला आणि त्याच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल.

हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. बहुतेक अल्सर याच्यामुळे नाहीतर सारख्या घेतलेल्या पेनकिलरमुळे होतात. जंतू असेल तर नुसत्या ॲसिडिटीच्या गोळीने दुखणं दबतं आणि जंतू तिथेच राहतो, म्हणून वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टर श्वासाची किंवा एंडोस्कोपीची टेस्ट सांगतात. आपल्या आजोबांच्या पिढीत अल्सरसाठी जठराचा तुकडा कापायचे, नाहीतर ॲसिडचा निरोप आणणारी नस तोडायचे, आता त्याच आजाराला अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारं औषध मिळून साधारण दोन आठवड्यांचा कोर्स पुरतो.