उदरीय महारोहिणी विस्फार : चाळणी तपासणी, बेळगाव सीमाभाग

हृदयातून निघणारी महारोहिणी पोटात, बहुधा मूत्रपिंडांच्या रोहिण्यांखाली, फुगून रुंद होते, त्या विकाराला उदरीय महारोहिणी विस्फार म्हणतात. विस्फार सहसा न दुखता वाढतो; फुटला तर बहुतेक रुग्ण दगावतात, पुष्कळ जण रुग्णालयात पोचण्याआधीच. म्हणून काहीही तक्रार नसलेल्या वयस्क पुरुषांची एकदा सोनोग्राफी करून तो हुडकण्याची पद्धत, म्हणजे चाळणी तपासणी, निघाली. इंग्लंडमध्ये २००९ पासून टप्प्याटप्प्याने ६५ वर्षांच्या पुरुषांसाठी ती सुरू झाली. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या मराठी-कानडी पट्ट्यात विस्फार सापडतो तो मुतखड्यासाठी किंवा प्रोस्टेटसाठी केलेल्या सोनोग्राफीत, योगायोगाने.

प्राचीन उल्लेख. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील ‘सिराज ग्रंथी’ (शिरांपासून होणारी गाठ) म्हणजेच विस्फार, असे काही अभ्यासक मानतात. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. आजचा पाठ अनेक शतकांत घडला असावा. दुखणारी व ‘चल’ गाठ कष्टसाध्य. न दुखणारी, अचल, मोठी व मर्मस्थानी उठलेली गाठ सोडून द्यावी, असे तेथे म्हटले आहे. ‘चल’ म्हणजे ठोके देणारी असा अर्थ लावला तर विस्फाराशी मेळ बसतो. हाताने सरकणारी असा लावला तर बसत नाही. व्यायामाने दुर्बळांच्या शिरा आकसून ही गाठ होते, असे कारणही तेथे दिले आहे; ते फुगलेल्या नीलांना अधिक लागू पडते. ‘चल’ म्हणजे सरकणारी, हा दुसरा अर्थ जास्त सरळ वाटतो. उदरीय विस्फाराचे स्पष्ट वर्णन सोळाव्या शतकात शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसॅलियसने केले.

बेंबीजवळचा ठोका हा लोकवैद्यकाचाही विषय. ‘नाभी सरकली’ म्हणून पोट चोळतात, बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घालतात. सडपातळ माणसाच्या पोटात महारोहिणीचा हा ठोका एरवीही हाताला लागतो. म्हाताऱ्या विडीबाजाच्या पोटात तो रुंद लागत असेल, तर चोळणे थांबवून सोनोग्राफी करावी.

मोजमाप. रुग्ण उपाशीपोटी येतो, कारण आतड्यातला वायू प्रतिमा झाकतो. जेल लावून बरगड्यांच्या खाली यंत्राचा दांडा टेकवला, की मणक्याची चकचकीत कमान व तिच्यामागची काळी सावली दिसते. कमानीच्या पुढे, किंचित डावीकडे महारोहिणीचे गोल वर्तुळ. व्यास ३० मिमी भरला की विस्फार. ३० ते ४४ मिमीला वर्षाने, ४५ ते ५४ मिमीला तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, ५५ मिमीला शल्यचिकित्सकाकडे, ही इंग्लंडमधली रीत.

मोजायचे कुठून कुठपर्यंत, यावर मात्र एकमत नाही. इंग्लंडमध्ये आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत मोजतात. अन्यत्र बाहेरून बाहेरपर्यंत. दोन्हींत सरासरीने तीनेक मिमीचा फरक पडतो, म्हणजे एकच माणूस एका पद्धतीने निरीक्षणाखाली राहतो, तर दुसरीने शस्त्रक्रियेच्या यादीत जातो. दुसरा वाद असा : भारतीय पुरुषांची महारोहिणी मुळात काहीशी अरुंद असते, म्हणून ठराविक ३० मिमीऐवजी नेहमीच्या व्यासाच्या दीडपट ही व्याख्या घ्यावी, असे काहींचे मत आहे. उपचारांचा सारा पुरावा ठराविक आकड्यांवर उभा असल्याने तेच धरणे श्रेयस्कर.

पुरावा. इंग्लंडमधील ६५ ते ७४ वयाच्या ६७,८०० पुरुषांच्या चाचणीत, २००२ च्या निष्कर्षांनुसार, चाळणीला बोलावलेल्या गटात विस्फारामुळे होणारे मृत्यू चार वर्षांत ४२ टक्क्यांनी घटले. ऑस्ट्रेलियातील चाचणीत लक्षणीय फरक दिसला नाही. त्या काळी पाचेक टक्के पुरुषांत विस्फार सापडे. आता धूम्रपान घटल्याने इंग्लंडमध्ये तो एका टक्क्याच्या आसपास आला आहे. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत प्रमाण आणखी कमी आढळते. त्यामुळे सीमाभागात सरसकट चाळणीपेक्षा निवडक चाळणी सयुक्तिक ठरते.

निवड. निपाणीची तंबाखू विडीची, म्हणून येथे निवड विडीवरून. अमेरिकेतील शिफारस ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात किमान १०० सिगारेटी ओढलेल्या पुरुषांसाठी आहे. विडीचा हिशेब त्यात नाही. पण रोज एक बंडल ओढणारा हा आकडा आठवड्याच्या आत गाठतो. ‘काका, विडी ओढता काय?’ याला ‘सोडली की कवाच’ हे उत्तर आले, तरी नाव यादीत घ्यावे. धोका सोडल्यावर सावकाश उतरतो. पुरावा धुराचा आहे. दाढेत धरलेल्या तंबाखूबाबत किंवा मिश्रीबाबत तो तितका ठाम नाही. मधुमेहींत विस्फार उलट कमी आढळतो.

अडचणी. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे (१९९४) प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि हातात नेता येणारे यंत्र वाटेल तेथे वापरता येत नाही. म्हणून खानापूरच्या जंगलपट्ट्यातील गावात यंत्र नेण्याऐवजी म्हाताऱ्यांनाच नोंदणीकृत केंद्रात आणावे लागते, तेही सकाळच्या चहाविना. पुढील उपचारांसाठी रुग्ण बेळगावात थांबतात किंवा कोल्हापूर-मिरजेकडे जातात. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आपली आरोग्य विमा योजना कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचे ठरवले. कर्नाटकाने त्यास हरकत घेतली.

विस्फार सापडलेल्या पुरुषाच्या सख्ख्या भावांचीही तपासणी करतात. स्त्रियांत हा विकार बराच विरळ आहे.