बंद जागेची भीती : नाव मिळाल्यापासून उपाय सापडेपर्यंत

एमआरआयच्या नळीत सरकवल्याबरोबर हातात दिलेला रबरी फुगा दाबणारे, 'मला आधी बाहेर काढा' म्हणणारे पेशंट प्रत्येक स्कॅन सेंटरला ओळखीचे आहेत. बाहेर येतात तेव्हा ते ओशाळलेले असतात आणि सोबतचं कुणीतरी 'एवढं काय घाबरायचं त्यात' म्हणून आणखी खजील करतं. हे बोलणं मला फार लागतं. कारण या भीतीची वैद्यकात नोंद होऊन जवळपास दीडशे वर्षं झाली आहेत आणि तिच्यावरचा चांगला उपायही निदान पन्नास वर्षं माहीत आहे.

1871 मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी मोकळे चौक ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. 1879 मध्ये पॅरिसचे मानसोपचारतज्ज्ञ बेंजामिन बॉल यांनी उलट्या प्रकारचे रुग्ण मांडले. दार लागलं की यांचा जीव घाबरा व्हायचा. 'क्लॉस्ट्रोफोबिया' हे नाव बॉल यांचंच. नाव मिळालं, पण उपचाराच्या बाबतीत पुढची कित्येक वर्षं चाचपडण्यातच गेली.

त्या काळातली एक केस मात्र सविस्तर सांगायला हवी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातला एक तरुण डॉक्टर फ्रान्सच्या आघाडीवर होता. बंद जागेची भीती त्याला लहानपणापासूनची. खंदकातल्या भुयारी खोलीत तो पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याच्या हाती फावडं देण्यात आलं. कशाला, असं विचारल्यावर उत्तर मिळालं : गाडला गेलास तर स्वतःला उकरून काढायला. त्यानंतर त्याला आत झोप येईना. रात्र रात्र तो खंदकात येरझाऱ्या घाली. शेवटी तब्येत ढासळली आणि त्याला एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात पाठवलं गेलं. तिथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते. निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्यावर 1906 मध्ये ग्रंथ लिहिणारे रिव्हर्स ते हेच.

रिव्हर्स यांनी त्याला स्वप्नं आणि जुन्या आठवणी पुन्हा पुन्हा आठवायला लावल्या. एके दिवशी धागा सापडला. अगदी लहान असताना तो शेजारच्या एका भंगारवाल्याकडे काहीतरी विकायला एकटाच गेला होता. परतताना लांबट, अंधाऱ्या बोळाचं दार बंद झालेलं. कडीपर्यंत हात पोचेना आणि मागच्या टोकाला एक कुत्रा गुरगुरत होता. असा भंगारवाला खरंच होता, हे आईवडिलांनी सांगितलं. भीती ओसरली. मला तळघरात कोंडून बघा, असा आग्रहच तो रिव्हर्स यांना करू लागला. त्यांनी नकार दिला. 1917 मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ही केस छापून आली.

गोष्ट इतकी नेटकी आहे की तिची भुरळ पडणं साहजिक होतं. मूळ आठवण शोधा, भीती जाईल, असं बराच काळ मानलं गेलं. पण अशी कुठलीच घटना आठवत नाही असे रुग्ण भरपूर असतात, आणि आठवली तरी भीती जातेच असं नाही.

दुसरी वाट प्रयोगातून निघाली. 1924 मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाला खाऊ खाताना ससा दर वेळी थोडा जवळ आणून सावरलं. दुसऱ्या महायुद्धात धास्तावलेल्या सैनिकांवर उपचार केलेले दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये याचीच पद्धतशीर मांडणी केली : शरीर सैल सोडायला शिकायचं आणि भीतीच्या पायऱ्या एकेक करून चढायच्या. पुढे दिसून आलं की शरीर सैल सोडणंही अत्यावश्यक नाही. त्या जागेत टिकून राहणं हे खरं औषध. पळून गेलं की सुटका झाल्यासारखं वाटतं आणि भीती पक्की होते. थांबलं, तर ती आपोआप उतरते, हे मेंदू अनुभवाने शिकतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान उस्ट यांनी 1989 मध्ये तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत असा उपचार करण्याची पद्धत मांडली. नंतर बंद जागेच्या भीतीवरही ती उपयोगी ठरली.

1993 मध्ये रॅकमन आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी या भीतीचे दोन पदर वेगळे केले, आणि मला ही या इतिहासातली सर्वांत कामाची पायरी वाटते. एक पदर गुदमरण्याचा, दुसरा अडकून पडण्याचा. पहिला असलेला माणूस लिफ्टमध्ये शिरताच कॉलर सैल करतो. खरं तर लिफ्टमध्ये हवा खेळती असते. घाबरून भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि त्यालाच हवा संपल्याची खूण समजलं जातं. दुसरा पदर असलेल्याला दातांच्या डॉक्टरची खुर्चीसुद्धा नको होते. कुणाचा कुठला पदर, ते कळलं की सराव नेमका ठरवता येतो.

एमआरआय 1980 च्या दशकात रुग्णालयांत रुळलं आणि ही भीती एकदम उघड्यावर आली. नळीचा व्यास साधारण 60 सेंटीमीटर होता. पुढे 70 सेंटीमीटरची आणि बाजूंनी उघडी यंत्रंही आली. मुंबईत आता आरे ते कफ परेड मेट्रोचा जवळजवळ सगळा प्रवास जमिनीखालून आहे. ज्यांना तो टाळावासा वाटतो त्यांनी आधी सोबत कुणाला घेऊन एकाच स्टेशनापर्यंत जावं, भीती थोडी उतरेपर्यंत तिथे थांबावं, मग अंतर वाढवावं. छातीत धडधड, दम लागणं वारंवार होत असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. एकट्याने जमत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत बोलता येतं.