बडीशेपेची दारू पाण्याने पांढरी का होते?

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. परदेशातून आणलेली बाटली, ग्लासात पाण्यासारखी नितळ दारू. वरून साधं पाणी ओतलं की क्षणात दुधासारखी पांढरी. मागून आवाज येतो, "बघा केमिकल! हेच पोटात जातंय." त्याखाली एका जाणकाराचं उत्तर : पांढरी झाली म्हणजे माल अस्सल. दोघांचंही चुकलंय.

ती बाटली बहुधा ग्रीसच्या उझोची असावी. तुर्कस्तानची राकी, लेबनॉनचा अरक, फ्रान्सचं पास्तिस, इटलीची साम्बुका हे सगळे त्याच घराण्यातले. चव मुख्यतः एकाच रेणूची, ॲनेथॉलची. काळ्या मसाल्यात जे चक्रीफूल पडतं, जेवणानंतर जी बडीशेप आपण चघळतो, त्या दोन्हींच्या तेलात हा रेणू भरपूर असतो. दोन्ही झाडं वेगळ्या कुळांतली, तरी वास सारखा येतो तो यामुळेच. खालचं अल्कोहोल कशापासून केलं याला पास्तिससारख्या दारूत फारसं महत्त्व नसतं. आपल्याकडे साखर कारखान्यांतून उसाची मळी निघते आणि ती डिस्टिलरीत जाते. युरोपात हेच काम बीटाची मळीही करते. पुरेसं शुद्ध केलं की दोन्हींतलं अल्कोहोल सारखंच बेचव. चव नंतर येते. जिनमध्ये जुनिपरची, कँपारीत कडू काढ्याची, इथे बडीशेपेची.

आता मुद्द्याची गोष्ट. ॲनेथॉल हे तेल. अल्कोहोलमध्ये ते आनंदाने विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. फ्रान्समधल्या मार्से शहराच्या पास्तिसचा नियम ठरलेला आहे : ४५ टक्के अल्कोहोल आणि लीटरला २ ग्रॅम ॲनेथॉल. एवढं तेल तिथे सुखाने राहतं. आता त्यात पाचपट पाणी घाला. सगळंच सहापट पातळ झालं. अल्कोहोल साडेसात टक्क्यांवर आलं, तेल लीटरला सुमारे ०.३३ ग्रॅम. तेलही त्याच प्रमाणात कमी झालं, मग ते बाहेर का पडावं?

इथेच खरी गंमत आहे. पाणी घातल्यावर तेलाचं प्रमाण सरळ रेषेत उतरतं, पण तेल विरघळवून घेण्याची द्रवाची ताकद सरळ रेषेत उतरत नाही. अल्कोहोल कमी होईल तशी ती कोसळते. आलेखावर एक सरळ रेषा काढा आणि तिच्यापेक्षा फार लवकर खाली घसरणारी एक वक्ररेषा. सुरुवातीला वक्ररेषा वर असते, म्हणजे जागा मुबलक. मग ती रेषेला छेदून खाली जाते. पाहुणे कमी झाले खरे, पण घर त्याहून लहान झालं. जास्तीच्या तेलाला बाहेर पडावंच लागतं.

बाहेर पडतं म्हणजे वर तवंग येतो का? नाही. पाणी मिसळताच ग्लासभर एकाच वेळी कोंडी होते, त्यामुळे तेलाचे रेणू असंख्य ठिकाणी एकत्र येऊन थेंबांची बीजं धरतात. प्रत्येक बीज आजूबाजूचं तेल ओढून घेतं आणि लगेच तेलच संपतं. म्हणून थेंब मोठे होत नाहीत, साधारण एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास थांबतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. एवढ्या आकाराचे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून पांढरं दिसतं. दुधातले स्निग्धांशाचे थेंबही हेच करतात.

आणि ते तळाला किंवा वर का जात नाहीत? ॲनेथॉलची घनता सुमारे ०.९८८. साडेसात टक्के अल्कोहोल असलेल्या पाण्याची घनताही जवळजवळ तेवढीच! थेंबाला वर जायचंही कारण नाही, खाली जायचंही नाही. साबण नाही, जोराने ढवळणं नाही, तरी हे मिश्रण बराच काळ टिकतं. २००३ साली व्हिटाले आणि कॅट्झ या संशोधकांनी याला 'उझो परिणाम' असं नाव दिलं. घरात डेटॉल पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं ते याच्याच जवळपासचं, पण तिथे बाटलीत साबणही असतो, म्हणून उदाहरण तंतोतंत नाही.

रासायनिक अभिक्रिया मात्र यात कुठेच नाही. पांढऱ्या ग्लासात पुरेसं कडक अल्कोहोल घाला, पुन्हा नितळ होतं.

तेव्हा पांढरं होणं म्हणजे विष नव्हे आणि अस्सलपणाचा शिक्काही नव्हे. बाजारातलं ॲनेथॉल स्वस्त अल्कोहोलमध्ये घातलं तरी तेच दिसेल. खरी भीती मिथेनॉलची, म्हणजे भेसळीत येणाऱ्या विषारी अल्कोहोलची. ते पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं आणि द्रव नितळच राहतो. पेटवून निळी ज्योत बघण्याची परीक्षाही कुचकामी, मिथेनॉलही फिकट निळंच जळतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. असली दारू डोळ्यांनी ओळखता येत नाही. आणि ताडी पांढरी असते ती यीस्ट आणि जिवाणूंमुळे, तिचा या प्रकाराशी संबंध नाही.

या घराण्यातली सर्वांत बदनाम ॲब्सिंथ. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली, १८०५ पासून फ्रान्समध्येही बनू लागलेली. तिच्यात वर्मवुड नावाची कडू वनस्पती असते, आणि त्या वनस्पतीतलं थुजोन हे द्रव्य डोकं फिरवतं, अशी ख्याती. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडात एका मजुराने बायको आणि मुलींना गोळ्या घातल्या आणि खापर ॲब्सिंथवर फुटलं. त्या दिवशी त्याने वाईन आणि ब्रँडी किती ढोसली होती हे बाजूलाच राहिलं. १९१० मध्ये तिथे आणि १९१५ मध्ये फ्रान्समध्ये बंदी आली. पुढे २००८ साली बंदीपूर्वीच्या जुन्या बाटल्या तपासल्या, तर थुजोन सरासरी लीटरला २५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे आजच्या युरोपीय मर्यादेच्या (३५) आत. बिघडवलं ते मुख्यतः भरपूर अल्कोहोलने. वर्मवुड वगळलेलं, पॉल रिकार या उत्पादकाचं पास्तिस १९३२ साली मार्सेत आलं ते याच बंदीनंतर.

पाणी घालून विरघळलेला पदार्थ बाहेर पाडण्याची ही युक्ती औषधनिर्मितीतही वापरतात. पाण्यात न विरघळणारं औषध आणि पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून पाण्यात ओततात, की अब्जांश मीटरच्या मापात मोजावे लागतील असे कण आपोआप तयार होतात.

शेवटी सोलापूरकरांसाठी एक गोष्ट. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा बाटली फ्रीजरमध्ये ठेवण्याचा मोह होईल. शुद्ध ॲनेथॉल २१ अंशांच्या आसपासच गोठतं, आणि थंडीत द्रावणातली त्याची जागाही कमी होते. त्यामुळे तळाला पांढरे स्फटिक दिसले तर बाटली परत करायला दुकानात धावू नका. बाहेर काढून ठेवा, सोलापूरच्या उन्हाळ्यात ते विरघळायला वेळ लागणार नाही.