मशीनमधून परत येणारं रक्त कुणाचं?

‘लाल पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनवर रक्तदान केलं, की आधीच्या दात्याचं रक्त आपल्या अंगात जातं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. लाल पेशी काढून घेऊन उरलेलं रक्त परत येतं म्हटल्यावर भीती वाटणं साहजिकच आहे. पण रक्त मशीनला शिवतच नाही. ते फिरतं एकदाच वापरायच्या, बंद, निर्जंतुक नळ्या-पिशव्यांच्या संचातून. पंप नळीला बाहेरून दाबत रक्त पुढे ढकलतो; वेगाने फिरवून लाल पेशी वेगळ्या होतात, त्या पिशवीत साठतात. तुमचाच पिवळसर प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स सलाईनसोबत त्याच सुईतून परत येतात. तेव्हा ओठांना मुंग्या आल्यासारखं वाटू शकतं. असं होतं ते रक्तात मिसळलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या द्रवामुळे. लगेच सांगा, परत सोडण्याचा वेग कमी करतात. खात्री हवी? संचाचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यावरची मुदत वाचा. रक्तदानानंतर तो संच फेकलाच जातो.