'विक्रांत'चं सोंग घेतलेली 'राजपूत'

१९७१ च्या युद्धात आयएनएस 'राजपूत' होती दुसऱ्या महायुद्धातली जुनी बोट. १९४२ मध्ये स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवरच्या गोदीत ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव 'रॉदरहॅम'. १९४९ मध्ये ब्रिटनकडून आपण 'राजपूत', 'रणजित' आणि 'राणा' अशा तीन विनाशिका घेतल्या. त्याआधी आपल्या नौदलात विनाशिका नव्हतीच. पुढे १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी 'राजपूत' गोव्याच्या किनाऱ्यासमोर पहाऱ्यावर होती.

दहा वर्षांनी मात्र तिच्या वाट्याला सोंग आलं. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली ती आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या मागावर. 'विक्रांत' अंदमानात दडवलेली. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी 'राजपूत'ला समुद्रात धाडलं आणि विमानवाहू नौकेला शोभेल एवढी बिनतारी संदेशांची गर्दी करायला लावली. किनाऱ्यावर ठेकेदारांकडे भरमसाट शिधा मागवला. त्यावर कळस म्हणजे एका खलाशाचा सांकेतिक नव्हे, उघड्या भाषेतला संदेश: आई फार आजारी आहे, कशी आहे कळवा. युद्धकाळात हा चक्क शिस्तभंग, म्हणूनच तो खरा वाटायचा.

३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांची 'राजपूत' विशाखापट्टणम बंदराबाहेर पडत होती. टेहळ्याला पुढ्यात पाणी ढवळल्यासारखं दिसलं आणि दोन डेप्थ चार्ज सोडले गेले. डेप्थ चार्ज म्हणजे दारूगोळ्याचं पिंप. ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने ते फुटतं, आणि टाकणारी बोट तोवर लांब गेली नसेल तर हादरा तिलाही बसतो. ब्रिजवरच्याला, म्हणजे बोट जिथून चालवतात त्या वरच्या जागेवरच्याला, निदान काळोख तरी दिसतो. खाली बॉयलरपाशी उभ्या असलेल्याला कळतो तो फक्त पत्र्यावर घण बसल्यासारखा आवाज. खलाशांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत त्या इथेच.

सव्वाबाराच्या सुमारास झालेल्या प्रचंड स्फोटाने शहरात खिडक्यांची तावदानं फुटली. मग कोळ्यांना तेलाचा तवंग आणि अवशेष सापडले. 'गाझी'वरचे नव्वदहून अधिक जण गेले होते. तिला 'राजपूत'ने बुडवलं, ही आपली अधिकृत भूमिका. ती स्वतःच पेरत असलेल्या सुरुंगांमुळे फुटली, असं पाकिस्तान म्हणतो. आपल्याकडच्याही काही निवृत्त अधिकाऱ्यांना स्फोट पाणबुडीच्या आतच झाला असावा, असं वाटतं. डेप्थ चार्ज आणि तो मोठा स्फोट यांच्या वेळांचा मेळ नीट बसत नाही, त्यामुळे मलाही त्यांचा मुद्दा सहज झटकता येत नाही.

'राजपूत' १९७६ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. 'गाझी' अजून विशाखापट्टणमसमोर तळाशी आहे.